रुमालात बांधलेली मोहर

मननासाठी : मत्तय २५:१४-३०, लूक १९:११-२७, लूक २:४१-५२



निकालाचे दिवस आले की आमच्या रविवारच्या वर्गातली मुले मोबाईलवर दोन प्रकारचे स्टेटस ठेवतात. पहिला प्रकार जुना आहे. गुणपत्रिकेचा फोटो आणि त्याखाली देवाचे, आईवडिलांचे, शिक्षकांचे आभार. दुसरा प्रकार गेल्या काही वर्षांत वाढला आहे. डोळ्यांवर काळा गॉगल, मागे दणदणीत गाणे, आणि खाली लिहिलेले असते की गणितात एवढे पडले, विज्ञानात तेवढे पडले, पण आपला रुबाब तसाच आहे. त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. 'भाई', 'किंग', 'लेजंड' अशा पदव्या मिळतात. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केलेल्या मुलीच्या फोटोला मात्र चार-दोन अंगठे मिळतात.

आम्ही धर्मशिक्षक, शाळेचे मास्तर नव्हे. मुलांच्या गुणांचा हिशेब ठेवणे आमच्याकडे नाही. तरी या विषयावर लिहावेसे वाटते, कारण ही गोष्ट शाळेपुरती राहत नाही. 'मला काही येत नाही आणि त्याचे मला काही वाटतही नाही' असे म्हणायची ज्याला सवय लागते, तो पुढे प्रार्थनेबद्दल, पवित्र शास्त्राबद्दल आणि घरच्या जबाबदारीबद्दलही तेच म्हणू लागतो. दृढीकरणाच्या वर्गात आम्ही हे पाहतो. उत्तर येत असूनही मान खाली घालून बसणारी मुले असतात. कोणी हात वर केलाच, तर मागच्या बाकावरून आवाज येतो, 'स्कॉलर आला रे!' आमच्या लहानपणी हा शब्द कौतुकाने वापरला जाई. आता तो टोमणा झाला आहे.

याहून जास्त वाईट एका गोष्टीचे वाटते. अभ्यास केलेली मुलेही आता खोटे बोलतात. रात्री अकरापर्यंत वाचलेला मुलगा सकाळी मित्रांना सांगतो, 'मी पुस्तक उघडलंच नाही.' चांगले काम लपवावे लागते आणि आळस छाती काढून मिरवता येतो, अशी उलटी रीत मुलांमध्ये रुजली आहे. तिच्यामागे काय दडले आहे ते शुभवर्तमानाच्या उजेडात पाहू या.

नापास होणे हे पाप नव्हे

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. नापास झालेल्या मुलाला हे लिखाण दाखवून कोणी ओरडू नये. ख्रिस्तसभेने अभ्यासात मागे पडलेल्यांना नेहमीच जवळ केले आहे. इटलीतला कुपर्टिनोचा संत जोसेफ (१६०३-१६६३) अभ्यासात इतका कच्चा होता, आणि कामातही इतका धांदरट, की एका मठातून त्याला परत पाठवले होते. तरीही १६२८ साली तो धर्मगुरू झाला, आणि आज जगभरचे विद्यार्थी परीक्षेपूर्वी त्याचीच मध्यस्थी मागतात. फ्रान्समधल्या आर्स गावचे संत जॉन व्हियानी (१७८६-१८५९) यांच्या बालपणी फ्रेंच राज्यक्रांतीमुळे शिक्षण धड झाले नाही. पुढे लॅटिन त्यांच्या डोक्यात शिरेना, म्हणून सेमिनरीतून त्यांना घरी यावे लागले. एका वृद्ध धर्मगुरूंनी त्यांना घरी बसवून धीराने शिकवले. तेच व्हियानी आज सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत. आणि आर्समध्ये गेल्यावर त्यांनी पहिल्या काही वर्षांतच काय केले? गावातल्या गरीब मुलींसाठी मोफत शाळा काढली. शाळेत ज्याचे हाल झाले त्याने शाळेचा राग धरला नाही. जे आपल्याला कष्टाने मिळाले ते इतरांना मिळावे म्हणून तो झटला.

२०२३ च्या दहावीच्या निकालात ठाण्यातल्या एका मुलाला सगळ्या विषयांत बरोबर ३५ गुण मिळाले आणि त्याच्या आईवडिलांनी आनंद साजरा केला, ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. काहींनी नाके मुरडली. आम्हाला मात्र त्या घरचा आनंद समजतो. लेकराने जे मिळवले त्याला आईबापांनी केलेला तो नमस्कार होता. त्या आनंदात ज्ञानाची टिंगल नव्हती.

तेव्हा कमी गुण मिळणे ही एक गोष्ट आणि कमी गुणांची शेखी मिरवणे ही दुसरी. पहिलीला धीर द्यावा लागतो. दुसरीचे मूळ शोधावे लागते.

ही हवा कुठून आली?

सगळा दोष मोबाईलला दिला की आपण मोकळे होतो. पण आमचे सुर्ला डिचोली तालुक्यात, खाणींच्या पट्ट्यात आहे. इथे ही हवा मोबाईलच्या आधीपासून आहे.

गोवा मुक्त झाला तेव्हा इथे दहांपैकी जेमतेम तिघांना लिहिता-वाचता येत होते. १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झालेले भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, पण त्यांनी गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या. त्या शाळांमुळे आमच्या आधीच्या पिढीच्या हाती पाटी आली. पाटीला लोक तेव्हा लक्ष्मीसारखे जपत, पाय लागला तर नमस्कार करत.

पुढे खनिजाला भाव आला. विशेषतः २००० नंतर चीनची मागणी वाढली आणि आमच्या रस्त्यांवर टिपरांची रांग लागली. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेले. खेपेमागे पैसे मिळत. कर्ज काढून ट्रक घेतलेला तरुण शिक्षकाच्या पगारापेक्षा जास्त कमावतो, असे मुले डोळ्यांनी पाहत होती. दहावीत शिकणाऱ्या मुलाला वाटे, 'हे समीकरण सोडवून मला काय मिळणार? स्टिअरिंग हातात आले की झाले.' घरातली मोठी माणसेही हसत तेच म्हणत. पुस्तक घेऊन बसणारा मुलगा भोळा आणि शाळा सोडणारा हुशार, ही समजूत तिथे पक्की झाली.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. मध्यंतरी काम सुरू झाले, पण फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चमध्ये सगळे पुन्हा ठप्प झाले. अंगणात ट्रक गंजू लागले. बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत, सरकारला कर्जसवलतीची योजना आणावी लागली. ज्यांच्याकडे दुसरे कुठले शिक्षण वा कसब होते ते सावरले. ज्यांनी शाळेला हसत शाळा सोडली होती त्यांची घरे कशी चालली, हे त्यांच्या बायकांना विचारावे. २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणीवर पुन्हा काम सुरू झाले आहे. चांगलेच आहे. परंतु त्याबरोबर ते जुने वाक्यही परत ऐकू येऊ लागले आहे : 'शिकून कोणाचं भलं झालंय?'

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. पॉल विलिस या अभ्यासकाने इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका कारखान्यांच्या गावात बारा कामगारपुत्रांबरोबर बराच काळ घालवला आणि १९७७ मध्ये 'लर्निंग टू लेबर' हे पुस्तक लिहिले. ती मुले शिक्षकांची थट्टा करत, अभ्यासू मुलांना हिणवत, तास बुडवत. आपण व्यवस्थेला हरवले असे त्यांना वाटे. विलिसने दाखवले की त्याच थट्टेने त्यांना सरळ त्यांच्या बापांच्याच कारखान्यात, त्याच कष्टाच्या जागेवर नेऊन उभे केले. दरवाजा कोणी बाहेरून बंद केला नव्हता, मुलांनी हसत हसत तो आतून लावून घेतला होता. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडमधले तसे कितीतरी कारखाने बंद पडले. टिपरांच्या रांगा आठवणाऱ्या आम्हा सुर्लेकरांना ही गोष्ट परकी वाटत नाही.

तिसऱ्या सेवकाचे उत्तर

आता प्रभू येशूच्या दाखल्याकडे वळू. धनी परदेशी जाताना सेवकांकडे आपली मालमत्ता सोपवतो. एकाला पाच टॅलेंट, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. आपण 'टॅलेंट' म्हणजे अंगची कला समजतो, पण त्या काळी ते वजनाचे माप होते. एक टॅलेंट चांदी म्हणजे मजुराची सुमारे वीस वर्षांची मजुरी. म्हणजे ज्याला 'फक्त एक' मिळाले त्याच्याही हाती थोडेथोडके दिले नव्हते.

तिसरा सेवक ती रक्कम जमिनीत पुरतो. संत लूकच्या शुभवर्तमानात असाच दाखला आहे, तिथला सेवक आपली मोहर रुमालात बांधून ठेवतो. धनी परत आल्यावर दोघेही एकच कारण देतात. 'मी आळशी आहे' किंवा 'मला तुमची पर्वा नव्हती' असे ते म्हणत नाहीत. आपल्याला भीती वाटली, असे ते सांगतात. धनी कडक आहे, काही चुकले तर काय, त्यापेक्षा हात न लावलेला बरा.

हे वाचताना आम्हाला आमच्या दृढीकरणाच्या वर्गातला एक मुलगा आठवतो. अंगापिंडाने दणकट, सगळ्यांना हसवणारा. नववीत नापास झाला तेव्हा त्याचे गॉगलवाले स्टेटस गावभर फिरले. वर्गात शुभवर्तमानातल्या चार ओळी वाचायला सांगितल्या तर म्हणाला, 'सर, मी वाचलं तर फादर राजीनामा देतील.' सगळे हसले. पुढच्या रविवारी म्हणाला, चष्मा घरी राहिला. त्याला चष्मा नव्हताच. पण वर्ग सुटल्यावर खुर्च्या उचलायला, फेस्ताला मंडप बांधायला, चर्चचा अँप्लिफायर बिघडला तर वायरी जोडायला हाच पहिला.

एका शनिवारी त्याची आजी आमच्याकडे आली. हळू आवाजात म्हणाली, 'सर, त्याला सगळ्यांसमोर वाचायला सांगू नका हां. त्याला अक्षरं लागत नाहीत. तिसरी-चौथीपासूनच.' 

तेव्हा कोडे उलगडले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही असे ठरवले होते. हेतू चांगला होता, नापास झाले की गरिबांची मुले शाळाच सोडत. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण पुढच्या वर्गात ढकलत नेताना मागे काय राहिले हे कोणी थांबून पाहिले नाही, तर मूल आपली उणीव घेऊन वर वर चढत जाते. हा मुलगा नववीत पहिल्यांदा अडला, आणि अडला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी 'मला वाचता येत नाही' हे कोणाला सांगायचे?

आम्ही शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत त्याच्याबरोबर अर्धा तास बसू लागलो. बायबलने सुरुवात केली नाही, अँप्लिफायरबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेने केली. ती त्याला समजून घ्यायची होती. बोट ठेवून एकेक ओळ. कधी चिडायचा, कधी यायचाच नाही. दोन महिन्यांनी, वही मिटता मिटता, न विचारता बोलला, 'सर, ते स्टेटस टाकलं नसतं ना, तर सगळ्यांनी विचारलं असतं, का नापास झालास. टाकलं म्हणून कोणी विचारलंच नाही.'

बंधुभगिनींनो, हे वाक्य आम्हाला त्या दाखल्यावरच्या कितीतरी प्रवचनांपेक्षा जास्त शिकवून गेले. लूकच्या सेवकाने मोहर रुमालात बांधली, या पोराने भीती गॉगलमागे बांधली. आपण ज्याला उर्मटपणा समजतो तो बहुतेक वेळा लाज झाकायचा रुमाल असतो. 'मी अभ्यासच केला नाही' म्हणणाऱ्याला कोणी मठ्ठ म्हणू शकत नाही. 'मी खूप अभ्यास केला, तरी आले नाही' म्हणणाऱ्याला मात्र सगळ्यांसमोर उघडे व्हावे लागते. म्हणून मुले आधीच हरून मोकळी होतात. मानसशास्त्रज्ञांनाही हे ठाऊक आहे. १९७८ साली बर्गलास आणि जोन्स या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक प्रयोग केला. पहिल्या चाचणीत यश मिळाले, पण ते कसे मिळाले हे ज्यांना कळले नव्हते, अशांपुढे दुसऱ्या चाचणीआधी दोन औषधांची निवड ठेवली. एक बुद्धीला मदत करणारे, दुसरे बुद्धी मंदावणारे, असे सांगितले होते. अशा पुरुषांपैकी बहुतेकांनी मंदावणारेच मागितले. हरलो तर दोष औषधाचा राहील!

दाखल्यातल्या सेवकाची मोठी चूक कुठे झाली, तेही पाहा. त्याने धन्याला ओळखलेच नाही. पहिल्या दोघांनी पाचाचे दहा आणि दोनाचे चार केले, पण धन्याने दोघांचे कौतुक अगदी एकाच शब्दांत केले आणि दोघांना आपल्या आनंदात बोलावले. चार आणणाऱ्याला 'दहा का नाहीत' असे त्याने विचारले नाही. आपला देव गुणांची तुलना करत नाही. त्याने दिलेले आपण वापरले का, एवढेच तो विचारतो. हे ज्या मुलाला पटले त्याला पुरून ठेवायचे कारण उरत नाही.

बारा वर्षांचा येशू

प्रभू येशूच्या बालपणाविषयी शुभवर्तमानात फार थोडे आहे. जे आहे त्यात तो बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेला दिसतो. तो काय करत होता? ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. देवाच्या पुत्राला ऐकायची लाज वाटली नाही, विचारायचीही नाही. त्याच्या उत्तरांचे सर्वांना नवल वाटले असे लूक सांगतो, पण ऐकणे आणि विचारणे यांचा उल्लेख त्याआधी येतो. मग तो नाझरेथला गेला, आईवडिलांच्या आज्ञेत राहिला, ज्ञानाने वाढला, आणि सुताराचे कामही शिकला. म्हणजे पुस्तक आणि रंधा, दोन्ही शिकणेच आहे. डिचोलीच्या आयटीआयमध्ये वायरमनचे काम शिकणारा मुलगा कॉलेजात जाणाऱ्यापेक्षा कमी नाही. कमी तो, जो काहीच शिकायचे नाही असे ठरवतो. नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानाला तुच्छ लेखणाऱ्यांना कोणते नाव दिले आहे ते घरी उघडून पाहावे.

आपल्या मातीतही असे शिकणारे होऊन गेले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये इंग्लंडहून गोव्यात आले. मोठ्या वयात इथली भाषा शिकताना त्यांचे उच्चार किती चुकले असतील, किती जण हसले असतील! तरी १६१६ मध्ये त्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापले गेले. आपले संत जुझे वाझ श्रीलंकेत मजुराच्या वेषात गेले, आणि तिथल्या छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांची सेवा करता यावी म्हणून तमिळ आणि सिंहली शिकले. पंडिता रमाबाईंनी उतारवयात ग्रीक आणि हिब्रूचा अभ्यास केला, कारण साध्या बायाबापड्यांना समजेल असे बायबल त्यांना मराठीत द्यायचे होते. यांपैकी कोणीही गुणपत्रिकेसाठी शिकले नाही. समोर प्रेम करावे असे कोणी होते, म्हणून शिकले.

मुलांचे दोन प्रश्न

मुले आम्हाला उलट विचारतात, आणि विचारायलाच हवे. पहिला प्रश्न असा : 'बिल गेट्सनेही कॉलेज सोडलं ना?' सोडले, १९७५ मध्ये. पण सोडण्यासाठी आधी हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवावा लागला, आणि त्याने कॉलेज सोडले तरी वाचणे सोडले नाही. 'थ्री इडियट्स'चेही नाव निघते. त्या सिनेमातला रँचो घोकंपट्टीची थट्टा करतो खरी, पण वर्गात पहिला तोच येतो, आणि शिकायचे वेड त्यालाच सर्वांत जास्त असते. मुले थट्टा लक्षात ठेवतात आणि वेड विसरतात.

दुसरा प्रश्न जड आहे : 'शिकलेलेही बेकारच आहेत ना, सर?' हो, आहेत. पदवी घेऊन नोकरीसाठी ओळखीपाळखी शोधत फिरणारे तरुण आपल्याच घरांत आहेत. त्यांचे दुःख नाकारून मुलांना उपदेश करणे बरोबर नाही. पदवी म्हणजे नोकरी, असे वचन आम्ही कोणाला देऊ शकत नाही. पण शिकल्याने नोकरीखेरीजही काही मिळते. बँकेचा कागद सही करण्याआधी वाचता येतो. ट्रकच्या कर्जावर व्याज किती पडेल याचा हिशेब करता येतो. ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. आजारी आईच्या औषधाच्या चिठ्ठीवरची सूचना कळते. आणि कोणी आपल्याला फसवत असेल तर ते ओळखता येते. २०१२ मध्ये आमच्या पट्ट्यात जे घडले त्यात या प्रत्येक गोष्टीची किंमत कोणी ना कोणी मोजली आहे. ३० मे २०२५ रोजी घटक राज्य दिनी गोवा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच गोव्यात आपल्या मुलांना न शिकण्याचा अभिमान वाटू लागला, तर आजी-आजोबांनी कष्टाने मिळवलेली पाटी आपणच फोडल्यासारखे होईल.

आपण काय करू शकतो?

मोठे कार्यक्रम नकोत. काही साध्या गोष्टी धर्मग्रामात आणि घरात करता येतात.

बहुतेक धर्मग्रामांत निकालानंतर गुणवंतांचा सत्कार होतो. तो जरूर व्हावा. त्याच दिवशी पुरवणी परीक्षेला बसून पास झालेल्यांनाही वेदीजवळ बोलवावे. एकदा पडून पुन्हा पुस्तक उघडायला जे धाडस लागते ते पहिल्या नंबराला लागत नाही. उरलेल्या मुलांना तेव्हा दिसेल की इथे पडलेल्यालाही जागा आहे, आणि जागा मिळवण्यासाठी विदूषक व्हावे लागत नाही.

आईवडिलांनी 'किती पडले?' या प्रश्नाआधी 'कुठे अडतंय?' असे विचारावे. आणि उत्तर मिळाल्यावर शेजारच्या मुलाचे नाव काढू नये. ज्या घरात अडलेले सांगितले की मार किंवा टोमणा मिळतो, त्या घरातले मूल अडलेले लपवायला शिकते.

मामा, काका, मोठे भाऊ यांनी 'आम्ही कुठं शिकलो, तरी चाललंच ना' हे वाक्य मुलांसमोर टाळावे. त्याऐवजी शिक्षण नसल्यामुळे कुठे अडलो, ते खरे सांगावे. गॉगलपेक्षा ते मुलांच्या जास्त लक्षात राहील.

तरुणांनो, तुमच्यासाठी एकच विनंती. मित्राने हात वर केला तर हसू नका. मागच्या बाकावरच्या एका हसण्याने समोरच्या दहा जणांची तोंडे बंद होतात. तसेच तुमच्यातल्या एकाने 'सर, मला कळलं नाही, परत सांगा' असे म्हटले, तर दहा जण मनातल्या मनात तुमचे आभार मानतात. आजच्या काळात धाडस दाखवायचे असेल तर ते इथे दाखवा. दृढीकरणात पवित्र आत्म्याच्या ज्या सात देणग्या तुम्ही मागता त्यांत ज्ञान आहे, आणि धैर्यही आहे. दोन्ही एकाच वेळी दिल्या जातात, कारण धैर्य नसेल तर ज्ञान मागताच येत नाही.

त्या मुलाविषयी कोणी विचारेल म्हणून सांगतो. तो पहिला आला नाही. पुढच्या वर्षी नववी काठावर पास झाला, गणित अजूनही त्याला नको वाटते. पण फेस्ताच्या मिस्साला त्याने भाविकांच्या विनंत्यांपैकी एक विनंती वाचली. चार ओळी. तिसऱ्या ओळीत अडखळला, थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. कोणी हसले नाही. सगळ्या चर्चने उत्तर दिले.

या आठवड्यात आपल्या घरातल्या एका मुलाजवळ दहा मिनिटे बसू या. उपदेश न करता त्याला विचारू या, तुला काय कळत नाही? आणि तो सांगेल ते ऐकून घेऊ या.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू स्वतः गुरुजनांपाशी बसून ऐकलेस आणि विचारलेस. आमच्या मुलामुलींच्या मनातली भीती तुला ठाऊक आहे. जे वर्गात मागे पडले आहेत त्यांना तुझ्या प्रेमाची खात्री दे, म्हणजे त्यांना काही लपवावे लागणार नाही. जे हुशार आहेत त्यांना नम्रता दे. शिक्षकांना धीर दे, आईवडिलांना गोड जीभ दे, आणि आमच्या धर्मग्रामाला असे घर कर की जिथे 'मला येत नाही' असे म्हणायला कोणी घाबरणार नाही. तू आमच्या हाती जे सोपवले आहेस, थोडे असो वा फार, ते वापरण्याचे धैर्य आम्हा सर्वांना दे. संत जुझे वाझ, कुपर्टिनोचे संत जोसेफ, संत जॉन व्हियानी, आमच्या मुलांसाठी विनंती करा.

आमेन.